दुकानासमोरची जागा आणि पे-पार्किंगचा ठराव

वाचकाचं पत्र

बाजारपेठेत आमचं भुसारी मालाचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं, आता मी आणि यजमान सांभाळतो. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. पालिका आता ठराव आणतेय: एका बाजूला पूर्ण नो पार्किंग करून पदपथ रुंद करायचा आणि दुसऱ्या बाजूला पे-पार्किंग. व्यापारी संघटनेने विरोधाचं निवेदन काढलंय आणि एक दिवस बाजार बंद ठेवायची हाक दिलीय. संघटनेचे अध्यक्ष माझे चुलत दीर. ते म्हणतात, पार्किंग गेलं की गिऱ्हाईक हायवेवरच्या सुपरमार्केटात जाणार, तिथे गाडी फुकट लावता येते. वॉर्डाचा नगरसेवक माझ्या मैत्रिणीचा मुलगा. तो म्हणतो, मावशी, रस्ता मोकळा झाला की धंदा वाढेल, बघाच. आमचा मुलगा म्हणतो दोघांचंही चुकतंय, लोक मोबाइलवरून माल मागवायला लागलेत, पार्किंगचा काही संबंध नाही.

जागा तर आत्ताच मिळत नाही. आमची स्वतःची गाडी सकाळी साडेसातलाच आणून दुकानासमोर लावावी लागते, नाहीतर कुणीतरी पर्यटक दिवसभर लावून जातो. नऊला मालाचा टेम्पो आला की रस्त्यातच उभा राहतो आणि शिव्या आम्ही खातो. निवेदनावर सही करू की नको? नाही केली तर घरात वाकडं येईल. आणि दुकानापुढे दगड नाहीतर खुर्ची ठेवून जागा अडवली तर चालते का? सगळेच ठेवतात. गावाचं नाव छापू नये.

– एक दुकानदार, गोवा

उत्तर

ताई, नमस्कार.

गावाचं नाव छापत नाही. छापायची तशी गरजही नाही, कारण हे पत्र म्हापशाहून आलं असतं, कुडचड्याहून आलं असतं, डिचोलीहून आलं असतं. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, आणि राज्यात नोंद झालेली वाहनं आता त्या आकड्याच्याही पुढे गेली आहेत. बाजारपेठांचे रस्ते मात्र आजोबांच्या काळात होते तेवढेच रुंद आहेत.

सहीचं आधी सांगतो. निवेदनात नुसतं 'आमचा विरोध आहे' एवढंच असेल तर सही करू नका. पण 'करणार नाही' असंही म्हणू नका. 'करते, पण त्यात आमच्या मागण्या घाला' असं म्हणा. कुठल्या मागण्या, ते खाली येईलच.

पत्रात जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच आहे. 'आमची स्वतःची गाडी सकाळी साडेसातलाच आणून लावावी लागते.' म्हणजे तुमच्या दुकानासमोरची सगळ्यात चांगली जागा शटर वर जायच्या आधीच गेलेली असते, आणि ती घेणारा कुणी दिल्लीचा पर्यटक नसतो, तुमचे यजमान असतात. रागावू नका. पर्यटक लावेल म्हणून आपण लावतो, हे मला कळतं. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर जागा पर्यटकाने अडवली काय आणि मालकाने अडवली काय, त्याला पुढेच जावं लागतं.

जरा हिशेब मांडू. दुकान नऊ ते एक आणि साडेतीन ते साडेसात, असं आठ तास उघडं धरतो. चारचाकी घेऊन आलेलं गिऱ्हाईक यादी देऊन, माल डिकीत टाकून निघेपर्यंत अर्धा तास जातो. म्हणजे त्या एका जागेवर दिवसाला सोळा गाड्या येऊन जाऊ शकतात. सगळा वेळ जागा भरलेली राहणार नाही, म्हणून आठच धरा. त्या आठातले सहा जण सोनाराकडे, कापडवाल्याकडे, फार्मसीत जातील. तुमच्या वाट्याला दोन. बिल पाचशेचं, भुसारी मालावर सुटतात शंभराला दहा, म्हणजे दिवसाला शंभर रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोन हजार सहाशे. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या वहीतले घालून पुन्हा करा.

दोन हजार सहाशे ही काही डोळे पांढरे करणारी रक्कम नव्हे, आणि मी ती मुद्दाम फुगवलेली नाही. पण तुमची गाडी फक्त तुमचंच गिऱ्हाईक अडवत नाही. ती सोनाराचं आणि कापडवाल्याचंही अडवते. सोनाराची गाडी तुमचं अडवते. आता त्या रस्त्यावर मालकांच्या, कामाला येणाऱ्या मुलांच्या, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसवाल्यांच्या अशा किती गाड्या सकाळी लागून रात्रीच निघतात, ते बघा. भाजीपावाच्या हॉटेलात सकाळच्या गर्दीत मालकाची माणसंच टेबलं अडवून पेपर वाचत बसली, आणि मालक मात्र दारात उभा राहून 'गिऱ्हाईक हल्ली येत नाही हो' म्हणून हळहळतोय, तसं हे चाललंय.

दुकानाला गाडी लावायला जागा लागते हे तुमच्या दिरांचं म्हणणं खरं आहे. पण ती जागा दुकानाच्या उपयोगी पडते ती गाडी निघून गेल्यावर, दुसरी आल्यावर. दिवसभर एकच गाडी उभी असलेल्या जागेचा दुकानाला काडीचाही फायदा नाही, मग ती फुकट असो की पैसे भरून. पालिकेचा ठराव, संघटनेचं निवेदन, नगरसेवकाची आश्वासनं, सगळं या एकाच प्रश्नावर तपासा: यामुळे माझ्या दारातल्या गाड्या हलणार आहेत का?

ते तपासायला आधी मोजणी हवी. बैठकीत जो तो 'सगळी गिऱ्हाइकं गाडीने येतात' आणि 'सगळा त्रास पर्यटकांचा' असं ठोकून देतो. मोजलेलं कुणीच नसतं. मी बँकेत दुकानांच्या कर्जाच्या फाइली बघायचो. साखरेचा भाव पैशापर्यंत सांगणाऱ्या माणसाला 'तुमचं गिऱ्हाईक येतं कसं?' असं विचारलं की तो आधी रस्त्याकडे बघायचा आणि मग आकडा सांगायचा. रस्त्याकडे बघितलं की गाड्याच दिसतात. चालत आलेली बाई पिशवी घेऊन कधीच गेलेली असते.

परदेशात हे मोजून पाहिलंय. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये दुकानदारांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की शंभरातली ४१ गिऱ्हाइकं मोटारीने येतात. गिऱ्हाइकांनाच विचारलं तेव्हा निघाली २२. बर्लिनच्या दोन रस्त्यांवरचा असाच अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दुकानदारांचा अंदाज होता शंभरात जवळपास २२, प्रत्यक्षात सातच्या आसपास. हे आकडे उचलून गोव्याला चिकटवू नका. बर्लिनमध्ये रात्रीही मेट्रो मिळते, आपल्याकडे दिवेलागणीनंतर गावात जायला बस मिळाली तर नशीब. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि घरटी एक तरी दुचाकी. तुमच्या दुकानात चाकांवर येणारे नक्कीच जास्त निघतील. पण ती चाकं दोन की चार, हे बघण्यासारखं आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला पेडण्यापासून माणसं येतात, त्यातली किती बसने उतरून पिशव्या ओढत चालतात, ते एकदा बसस्थानकावर उभं राहून पाहा.

म्हणून एक आठवडा दोन वह्या घाला. एक गल्ल्यावर. प्रत्येक बिलापुढे एक अक्षर: चालत आला तर 'चा', बसने आला तर 'ब', दुचाकीला 'दु', मोटारीला 'मो'. विचारायला लाजू नका, पिशवी भरताना 'गाडी कुठे लावलीत?' असं विचारलं की माणूस आपणहून सगळं सांगतो. आठवड्याच्या शेवटी नुसती डोकी मोजू नका, प्रत्येक अक्षरासमोरची बिलंही जोडा. कदाचित मोटारवाले थोडे निघतील पण महिन्याचा बाजार तेच भरत असतील. तसं निघालं तर दिरांचा मुद्दा तेवढा पक्का, आणि तोही मान्य करायला हवा.

दुसरी वही बाहेरची, ती मुलाच्या हातात द्या. मोबाइलवरून माल मागवतात म्हणणारा मुलगा आहे, त्याला मोबाइलवरच करू द्या. आपल्या दुकानाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा जागा, दर अर्ध्या तासाने नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे. संध्याकाळी यादी लावली की कुठली गाडी किती वेळ होती ते उघडं पडेल. पर्यटकांचंही लगेच कळेल, कारण भाड्याने दिलेल्या गाड्यांची पाटी काळी आणि आकडे पिवळे असतात. बाहेरच्या राज्याच्या पाट्या वेगळ्या लिहा. माझा अंदाज असा की दिवसभर न हललेल्या गाड्यांत काळ्या पाट्या थोड्या आणि ओळखीच्या गाड्या जास्त निघतील. पणजीत कॅसिनोंच्या गाड्यांनी मांडवीकाठचा बांदोडकर मार्ग संध्याकाळनंतर भरतो, तिथलं गाऱ्हाणं खरं आहे. पण प्रत्येक शहराच्या बाजारात तेच कारण लावता येत नाही. यादीत गाड्यांच्या मालकांची नावं लिहू नका आणि ती कुणाला वाचूनही दाखवू नका. 'वीसपैकी इतक्या जागा सकाळी भरतात आणि रात्री रिकाम्या होतात' एवढं बोललं की ज्याला कळायचं त्याला कळतं.

आता पे-पार्किंग. पैसे लावले की बाजार मरतो, हे वाक्य जगातल्या प्रत्येक बाजारात कुणी ना कुणी म्हटलेलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पासाडीना शहराच्या जुन्या बाजारात दुकानदार वर्षानुवर्षं हेच म्हणत होते. तिथे दोन तासांची मर्यादा होती, फुकट पार्किंग होतं, आणि चांगल्या जागा दुकानांत काम करणाऱ्यांनीच धरलेल्या. दंड टाळायला ते अधूनमधून बाहेर येऊन गाडी थोडी पुढेमागे करायचे. ओळखीचं वाटतंय ना? १९९३ मध्ये तिथे मीटर बसले, आणि दुकानदार तयार झाले ते एकाच अटीवर: मीटरचा पैसा त्याच बाजाराच्या पदपथांवर, दिव्यांवर, झाडांवर आणि सफाईवर खर्च व्हायचा. नोकरांच्या गाड्या मागच्या बाजूला गेल्या, पुढे गिऱ्हाइकांना जागा मिळू लागली, पडका बाजार पुन्हा उभा राहिला. डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकाने पार्किंगवर आयुष्यभर अभ्यास केला, २०२५ मध्ये ते वारले. त्यांचा हिशेब सोपा होता: दर एवढा ठेवा की सात-आठ जागांमागे एक नेहमी रिकामी असेल. रस्ता ओस पडला तर दर जास्त आहे, जागा शोधत गाड्या घिरट्या घालत असतील तर कमी आहे.

पासाडीनाची गोष्ट नगरसेवकाला जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. त्यातला मीटर उचलायचा आणि अट विसरायची, ही आपल्याकडची रीत. पे-पार्किंगचा ठेका निघतो, ठेकेदाराचा मुलगा उन्हात उभा राहून पावती देतो किंवा देत नाही, पैसा पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि पदपथावरची फरशी उखडलेली ती उखडलेलीच राहते. मग दुकानदाराला वाटतं की आपल्या गिऱ्हाइकाच्या खिशातून कर घेतला, तर त्यात त्याचं काय चुकलं? पणजीत पे-पार्किंगवरून महापालिका आणि दुकानदार यांच्यात इतकी वर्षं धुसफूस चालू आहे, त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

'मोकळा रस्ता झाला की धंदा वाढेल' असं म्हणणाऱ्या त्या मुलाला मी एवढ्यावर सोडणार नाही. रस्ता मोकळा झाला म्हणून गाडीवाला थांबत नाही, कधीकधी जास्त वेगाने निघून जातो. धंदा वाढतो तो चालणाऱ्याला बरं वाटलं तर. तुमच्या बाजारात आज चालायचं म्हणजे गटाराच्या झाकणावरून उतरायचं, स्कूटरच्या हँडलमधून अंग काढायचं आणि पावसात छत्री आडवी धरून रस्त्याच्या मध्यावर यायचं. गुडघे दुखणारी बाई अशा रस्त्यावर दोन दुकानांच्या वर जात नाही. रुंद पदपथाला माझा पाठिंबा आहे, आणि तुमचाही असावा असं मला वाटतं. फक्त तो फुलांच्या कुंड्या आणि लोखंडी खांब लावून अडवलेला नसावा.

सुपरमार्केटचं दीर बरोबर बोलतात. तिथलं पार्किंग फुकट नसतंच, त्या जमिनीचा पैसा मालाच्या भावात लावलेला असतो, पण गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. तुमच्याकडे मात्र अर्धा किलो चवळी आणि खोबरेल घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात पावती पडेल. दहा रुपयांसाठी नाही, पण त्या पावतीच्या कटकटीसाठी तो यायचं टाळेल. म्हणून पहिला अर्धा तास फुकट, ही मागणी सोडू नका. तुमचा सगळा धंदा त्या अर्ध्या तासात होतो. मुलाचंही थोडं खरं आहे, पण मोबाइलशी भांडायला पालिकेत अर्ज करता येत नाही. माल घरपोच द्यायची सोय करा, तो विषय वेगळा, कधीतरी स्वतंत्र पत्र लिहा.

मागण्या कुठल्या, त्या अशा. अर्धा तास फुकट, पुढे दर तासागणिक चढता, म्हणजे दिवसभर लावणाऱ्याला ते महाग पडेल. दुचाकीला नाममात्र किंवा काहीच नको. आखलेल्या जागांपैकी निदान निम्म्या दुचाकींसाठी मागा, कारण एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाक्या सहज बसतात आणि आपलं बहुतेक गिऱ्हाईक त्यावरच येतं. दुपारी एक ते साडेतीन सगळा बाजार झोपतो, त्या वेळेचे पैसे घेऊ नयेत. रात्री वर राहणाऱ्या लोकांना मोकळीक असावी, नाहीतर उद्या तेही विरोधात जातील. पैसे यंत्राच्या पावतीवर किंवा क्यूआर कोडवर, तोंडी नाही. आणि मुख्य म्हणजे पार्किंगच्या उत्पन्नाचं वेगळं लेखाशीर्ष, त्यातला ठरलेला हिस्सा याच रस्त्यावर, आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च पालिकेच्या फलकावर. ही शेवटची गोष्ट ठरावाच्या मजकुरात हवी. नगरसेवकाच्या तोंडी आश्वासनात असून उपयोग नाही, तो मैत्रिणीचा मुलगा असला तरी.

पदपथाच्या कामाची तारीखही लेखी मागा. पणजीत स्मार्ट सिटीच्या कामासाठी रस्ते खणले तेव्हा धूळ खात आणि खड्ड्यांवरच्या फळ्यांवरून गिऱ्हाइकाला बोलावत दुकानदारांनी कसे महिने काढले, ते सगळ्या गोव्याने पाहिलंय. चतुर्थीच्या माटोळीचा बाजार, दिवाळी आणि डिसेंबर या काळात खोदाई नको. काम तुकड्या-तुकड्याने व्हावं आणि जूनच्या आत बुजवून व्हावं. पार्किंगच्या निर्णयाने जेवढा धंदा बुडणार नाही तेवढा अर्धवट खणलेल्या रस्त्याने एका मोसमात बुडतो. खरं सांगायचं तर निवेदनात हा मुद्दा सगळ्यात वर हवा होता, आणि तुम्ही पत्रात सांगितलेल्या निवेदनात तो नाहीच.

तुमचं दुकान नो पार्किंगच्या बाजूला येतं की पे-पार्किंगच्या, हे तुम्ही लिहिलं नाही. नो पार्किंगच्या बाजूला येत असेल तर टेम्पोची जागा हा तुमचा जिवाचा प्रश्न आहे. दर साठ-सत्तर मीटरवर माल उतरवायची एक आखलेली जागा आणि सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ मागा. टेम्पोवाल्याला नऊऐवजी आठला बोलवावं लागेल, तेवढं तुम्ही करा.

आणि मालकांच्या गाड्या कुठे जाणार? त्याचं उत्तर संघटनेकडेच असायला हवं. प्रत्येक बाजाराच्या पाच-सात मिनिटांच्या अंतरावर देवळाचं मोकळं आवार, बंद गोदामाचं अंगण, कुणाची तरी पडीक भाटली असते. संघटनेने ती महिन्याच्या भाड्याने घेतली, दुकानदार आणि नोकरांच्या गाड्या तिथे नेल्या, तर रस्त्यावर एक खडूची रेघही न मारता जागा वाढतात. बहुमजली पार्किंग बांधा अशी मागणी होईल. ती नेहमीच होते, कारण तिचा खर्च दुसऱ्याने करायचा असतो. पणजीत मांडवी पुलाजवळ असं पार्किंग आहे, तरी १८ जून रस्त्यावर खरेदीला आलेला माणूस तिथे गाडी ठेवून चालत येत नाही, रस्त्यावरच फेऱ्या मारतो. रस्त्यावर फुकट जागा मिळायची आशा आहे तोवर इमारतीत कोण जाईल?

आणखी एक जागा आहे, जिच्याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही. बाजारातल्या नव्या इमारतींच्या मंजूर नकाशात तळमजल्यावर खांबांमध्ये मोकळी जागा पार्किंग म्हणून दाखवलेली असते. प्रत्यक्षात तिथे शटर असतं, आत फर्निचरचं गोदाम. माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून तो नकाशा मागता येतो. तुम्ही स्वतः मागू नका, गावात राहायचंय. संघटनेच्या एखाद्या पदाधिकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावाने मागायला लावा, कारण हा अर्ज नागरिकालाच करता येतो. संघटनेने नकार दिला, तर का दिला हे तुम्हाला न विचारता समजेल.

दिरांशी बोलायचं ते बैठकीच्या आधी, त्यांच्या घरी जाऊन आणि एकटीने. चारचौघांत आकडे काढलेत तर तो अध्यक्षांचा अपमान होईल आणि मग आकडे खरे असले तरी कुणी ऐकणार नाही. वह्या त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, 'भावजी, नुसता विरोध केला तर पालिका आपल्याला न विचारता करेल, नाहीतर काहीच करणार नाही.' पुण्याचं उदाहरण द्या. तिथल्या महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, विरोध झाल्यावर ते पाच रस्त्यांपुरतं आवरतं घेतलं, आणि तेही पुढे वर्षानुवर्षं अडकून पडलं. विरोध करणारे जिंकले, रस्ते आहेत तसेच तुंबलेले राहिले. मागण्यांचं निवेदन दिरांच्या सहीने गेलं आणि त्यातली एखादी जरी मान्य झाली तरी श्रेय त्यांचं. ते त्यांना द्या, तुम्हाला त्याचं काय करायचंय? ते ऐकणारच नसतील तर निवेदनावर सही करा, पण सहीखाली आपल्या हाताने लिहा: 'पहिला अर्धा तास मोफत ठेवून, उत्पन्न याच रस्त्यावर खर्च होणार असेल तर पे-पार्किंगला माझी हरकत नाही.' घरातही वाकडं येणार नाही आणि कागदावर तुमचं म्हणणंही राहील. बंदच्या दिवशी मात्र दुकान बंद ठेवा. एका दिवसाच्या गल्ल्यासाठी शेजाऱ्यांशी वैर घेण्यात अर्थ नाही.

राहिला दगड आणि खुर्चीचा प्रश्न. चालत नाही. दुकानासमोरचा रस्ता दुकानाचा नसतो, भाडं भरता ते गाळ्याचं. गाड्या कुठे थांबाव्यात हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतो; आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिसूचना निघतात त्या याच अधिकारात. दुकानदाराने स्वतः रंगवलेल्या 'नो पार्किंग' पाटीला कागदी किंमत शून्य, आणि त्या दगडाला ठेचकाळून कुणी पडलं तर जबाबदारी तुमच्यावर. टेम्पोसाठी जागा हवी असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, प्रत वाहतूक पोलीस कक्षाला द्या. अर्जात टेम्पोची वेळ, आठवड्यातले दिवस आणि आजूबाजूच्या ज्या दुकानांचा माल त्याच वेळी येतो त्यांच्या सह्या घाला. एका दुकानाचा अर्ज फाइलीत पडून राहतो, सहा दुकानांच्या अर्जाला निदान उत्तर येतं. दोन्ही ठिकाणी पोच घ्यायला विसरू नका.